हात लावण्यास हरकत नाही

सगुणाबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या पळताना. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात एक चार वर्षांची मुलगी फरशीवर आडवी पडून टाचा घासत होती, आणि औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी असलेली ही बाई हातातली बाटली तिथंच टाकून धावत सुटली. बाटली फुटली, कंपाउंडर ओरडला, रांगेतली माणसं बाजूला झाली. बाईंना कशाचंच भान नव्हतं. त्यांनी मुलीला उचलून छातीशी धरलं, तिच्या तोंडावर फुंकर घातली आणि कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात सारला. मुलगी गप्प झाली.

"आता ती पाच मिनिटांत पुन्हा पडेल," माझ्या शेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले. ती तीन मिनिटांत पडली.

डॉक्टर बरोबर होते, हे आधीच सांगून ठेवते. पुढची हकिकत ऐकून लोक त्यांच्या नावानं खडे फोडतील, आणि ते मला नको आहे. खडे फोडायचेच असतील तर माणूस इथं समोर बसलेला आहे.

ही १९६४ सालची गोष्ट. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि नवऱ्याच्या मागोमाग बंगळूरला आले होते. तो एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. मला मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क होते आणि टायपिंग येत होतं. एवढ्यावर मला इस्पितळात कारकुनाची जागा मिळाली. मागच्या अंगाला दोन खोल्यांत मुलांचा विभाग नुकताच उघडला होता, तिथं माझी नेमणूक झाली. डॉक्टर मद्रासचे, तिशी नुकती ओलांडलेली, परदेशात शिकून आलेले. तिकडं तेव्हा एक नवा विचार निघाला होता. हट्टी, आक्रस्ताळ्या मुलाला औषध देऊन उपयोग नाही, शिकवायचं ते त्याच्या आईबापांना. मूल थयथयाट करतं तेव्हा त्याच्याकडे पाहायचंच नाही, आणि नीट वागलं की त्याच क्षणी त्याचं कौतुक करायचं. ऐकायला सोपं आहे. घरी करून बघा म्हणजे कळेल.

डॉक्टरांनी त्याची शाळाच काढली होती. एका खोलीत चटई, चन्नपट्टणची लाकडी खेळणी, आई आणि मूल. मध्ये वेळूची चिक लावलेली. चिकेच्या अलीकडे डॉक्टर आणि एक दुभाषी. चिकेच्या वर एक तांबडा दिवा होता. डॉक्टरांनी कळ दाबली की तो लागायचा, म्हणजे आईनं समजायचं, आता कौतुक करा. दिवा विझला की तोंड फिरवा. कन्नड बायकांसाठी एक नर्स होती, तमिळ डॉक्टरांना स्वतःला येत होतं. मराठी बोलणारं कोणी आलं की ते मला हाक मारायचे, "प्रेमा, तुमची माणसं आली."

मला ह्या 'तुमची माणसं'चा राग यायचा. बंगळूरच्या कॉटनपेटेतली ही मराठी घरं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेली. आडनावं ऐकावीत तर किल्लेदाराची वाटावीत, आणि बोलणं ऐकावं तर दर चार शब्दांमागे एक कन्नड 'स्वल्प', म्हणजे थोडं, नाहीतर 'सरी', म्हणजे बरं. मी घरी जाऊन नवऱ्याला त्यांच्या नकला करून दाखवायची. साताऱ्याच्या माणसाला वाटतं, भाषा आपल्या घरची, बाकीच्यांनी ती मागून नेली. त्यांचं बोलणं कळलं नाही तर चूक त्यांची. अशी गुर्मी ज्याची त्याला भोवली तर ठीक. माझी मात्र भलत्याच बाईला भोवली.

सगुणाबाई तेव्हा पस्तिशीच्या असतील. उंच, रुंद हाडापेराच्या, हातावर कोपरापर्यंत गोंदण. नवरा हंबीरराव बँडवाल्यांचे आणि चोपदारांचे झगझगीत पोशाख शिवायचा. बाई घरी बसून त्यांना काजं करत, कलाबूत लावत. त्यांच्या काजांची कॉटनपेटेत ख्याती होती. दुसऱ्या दुकानातले लोकसुद्धा दसऱ्याच्या आधी घरी येऊन ठाण मांडायचे. बोलायला मोकळ्या, हसऱ्या, इस्पितळाच्या रांगेत शेजारणीचं पोर पाच मिनिटांत आपल्या खांद्यावर घेणाऱ्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसली ती एक घाबरलेली बाई.

घाबरायला कारण होतं. पहिला मुलगा चौदा महिन्यांचा असताना घटसर्पानं गेला, दुसरी मुलगी दोन वर्षांची होऊन तापानं. दोन्ही त्यांच्या मांडीवर. ही तिसरी. जगावी म्हणून दगडाचं नाव ठेवलं, धोंडूबाई. आणि ह्या धोंडीला अशी खोड होती की रडता रडता तिचा श्वास कोंडायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणायचे, यात धोका काही नाही, श्वास आपोआप परत येतो. येतच होता. पण जिनं मांडीवर दोन लेकरं निळी होताना पाहिली, तिला 'तोंड फिरवा' म्हणून सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. मला मूल नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फॉर्म भरायला बसले. नाव, वय, आजार, दात कधी आले, चालली कधी. शेवटचा प्रश्न असा होता की मुलीबद्दल आईला काय वाटतं. मी तो मराठीत विचारला. सगुणाबाईंनी धोंडीकडे पाहिलं. रडून रडून ती त्यांच्या पायाशी झोपली होती, गालावर गुळाचा चिकटा. बाईंनी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या,

"पाप."

"काय म्हणालात?"

"पाप, अक्का. पाप हाय ती." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी इंग्रजीत लिहिलं, आई मुलीला पाप समजते.

कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे बिचारं. पाय मोडलेल्या कोकराला म्हणतात, वडील वारलेल्या पोराला म्हणतात, उन्हात उभ्या म्हाताऱ्याला म्हणतात. बंगळुरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मला बंगळुरात येऊन सहा महिने झाले होते आणि भाजीवालीशी मी खुणेनं बोलत होते. आणि शब्द तर मराठी होता! त्याचा अर्थ कोणाला विचारावा असं मला का वाटेल?

तो कागद वाचून डॉक्टर विचारात पडले. त्यांच्या मते सगळं जुळत होतं. आईला मूल आतून नकोसं आहे, त्याची तिला टोचणी लागते, म्हणून ती वरवर इतकी धावते. तरीही त्यांनी घाईनं मत केलं नाही. भले माणूस होते. म्हणाले, "दिव्याखाली पाहू."

दिव्याखाली सगुणाबाई चार वेळा बसल्या. धोंडी ओरडली की तोंड फिरवायचं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शिकून घेतलं. तोंड फिरवून त्या भिंतीला कपाळ टेकायच्या आणि त्यांची पाठ हलत राहायची, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. अडलं ते दुसऱ्या भागात, कौतुकाच्या. चौथ्या दिवशी धोंडीनं एकावर एक पाच ठोकळे रचले, शांतपणे, जीभ बाहेर काढून. दिवा लागला. आता 'शाब्बास' म्हणायचं. सगुणाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. चेहरा असा उजळला की डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. मग बाईंनी दोन्ही हात धोंडीच्या गालांवरून खाली ओढले, स्वतःच्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "काळतोंडी मेली! अवदसा माझी!"

"काय म्हणाली ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"काळ्या तोंडाची. मेलेली. अपशकुनी," मी शब्दाला शब्द लावला.

"आणि बोटं?"

"मराठीत एखाद्याच्या नावानं बोटं मोडणं म्हणजे त्याला शिव्याशाप देणं."

हे मी बोलले. 'पाप' ही माझ्या अज्ञानाची चूक होती, ती कोणी पोटात घालील. पण हिचं काय? मला ठाऊक होतं. पोटच्या पोराचं तोंडावर कौतुक करायचं नाही, दृष्ट लागते, हे मराठी घरात कोणाला ठाऊक नसतं? माझी आईसुद्धा मला 'काळुंद्री' म्हणत, कानशिलावर बोटं मोडत वाढवत आली. दोन लेकरं गमावलेली बाई तिसऱ्याला शाब्बास म्हणेल कशी? पण हे सगळं परदेशातून शिकून आलेल्या माणसाला सांगायचं म्हणजे दृष्ट, मीठमोहऱ्या, दगडाची नावं, सगळंच उकरून काढावं लागलं असतं, आणि ते म्हणाले असते, 'तुमची माणसं'. मला त्यांना दाखवायचं होतं की ती माझी नव्हेत. लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. दुसरं काही कारण नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी हंबीररावांना बोलावून दिव्याखाली बसवलं. हा माणूस भलताच हुशार निघाला. दिवा लागला की तो इंग्रजीत म्हणायचा, "गुड गर्ल!" कोण्या कवायतवाल्या साहेबाकडून उचललेला ठसका होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्हाला दृष्टीचं भय नाही वाटत? तर मिशीत हसून म्हणाला, "अक्का, दृष्टीला इंग्रजी कुठलं येतंय?" मला हसू आलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं असतं तरी सगळा उलगडा झाला असता. मी नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो.

डॉक्टरांनी ठरवलं की पुढचं सगळं बापाच्या हातून करायचं. हंबीररावांची विधवा बहीण कौशल्या होसकोट्याला राहायची, तिला बोलावून घ्यावं. तिनं मुलीचं न्हाणं, खाणं, निजणं पाहावं. आईनं काही दिवस मुलीपासून लांब राहावं. तिला घेऊ नये, हात लावू नये. पुढं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. शिकवणीत असं असतं, एक माणूस हट्ट पुरवत राहिला तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात. त्यांच्याजवळच्या कागदांवरून दुसरं कोणीही हेच ठरवलं असतं.

सांगायचं काम माझं. व्हरांड्यात बाकावर बसून मी सांगितलं. सगुणाबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"डॉक्टर सांगतील तोवर."

"सरी." मग स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघत म्हणाल्या, "अक्का, माझ्या हाताला दोष हाय काय?"

आत डॉक्टरांनी दुसरा रुग्ण घेतला होता, मला हाका चालल्या होत्या. ह्या बाईला वर्तनशास्त्र कुठं समजावत बसू? मी उठता उठता म्हणाले, "तसंच समजा."

दोन शब्द. पुढं मला दोन मुलं झाली, त्यांच्या आजारपणांत मी कितीतरी वेळा त्या बाकावर जाऊन बसले आहे मनानं, आणि ते दोन शब्द तोंडातून निघायच्या आधी गिळले आहेत. पण गिळलेले नाहीत. बोललेले आहेत.

सहा आठवड्यांत धोंडी सुधारली. खरंच सुधारली. आठवड्याला वीस वेळा पडणारी मुलगी दोनदा, मग एकदाही नाही. श्वास कोंडणं थांबलं. हंबीरराव पेढे घेऊन आले. मुलगी त्यांचं बोट धरून नीट चालत आली, मला नमस्कार केला, सांगितलेल्या जागी बसली. डॉक्टरांनी तिच्या कागदावर 'सुधारणा' असं लिहिलं, खाली मी शिक्का मारला. आई कुठं आहे, असं कोणी विचारलं नाही. डॉक्टरांना परदेशातून बोलावणं आलं होतं, महिन्याभरात ते गेले. विभाग दुसऱ्या कोणी चालवला नाही. चिक उतरवली, दिवा काढला, खोलीत पट्ट्या-कापसाचे गठ्ठे येऊन पडले. सगुणाबाईंना 'आता हात लावा' हे सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणते खरी, पण मला ते सुचलंच नव्हतं. मूल बरं झाल्यावर कुठली आई इस्पितळाच्या निरोपाची वाट बघत बसेल?

१९६९ मध्ये जुने कागद निकाली काढायचे हुकूम आले. तोवर मी पक्की बंगळूरची झाले होते. कन्नड लिहू-वाचू लागले होते, माझ्या मराठीतही दर चार शब्दांमागे 'स्वल्प' येत होतं आणि साताऱ्याला गेले की भावजया माझ्या नकला करायच्या. त्या दिवशी सकाळीच आमच्या झाडूवालीचा हात भाजलेला पाहून मी 'पाप' म्हणाले होते. दुपारी एक एक फाईल चाळत होते. माझंच अक्षर समोर आलं. आई मुलीला पाप समजते.

मी ती ओळ वाचली आणि सगुणाबाई कशा म्हणाल्या होत्या ते मला ऐकू आलं. तो आवाज, ते डोळे. पण तेव्हासुद्धा मनाची समजूत घातली, की चूक झाली, पण मुलगी तर बरी झाली. जाऊन माफी मागावी, चहा पिऊन यावं. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून कॉटनपेटेत गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही, काजांची ख्याती अजून होती. सगुणाबाई दाराशी उजेडात कलाबूत लावत बसल्या होत्या. चाळिशीतच केस पांढरे झाले होते. मला लगेच ओळखलं आणि ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरांनी पाठवलं काय?"

मी नाही म्हणाले. त्या पुन्हा खाली बसल्या. "बसा, अक्का. कौशल्या बाजाराला गेली, ती येऊ दे, चहा करती." आणि मग इकडचं तिकडचं न बोलता सांगू लागल्या, जणू मी हजेरी घ्यायला आले होते. "मी एकदापण चुकले न्हाई. मारुतीची शपथ. हात लावला न्हाई. वेणी कौशल्या घालती. न्हाऊ तीच घालती. दोन वर्षांमागं गोवर आला, लई आला, मी दाराच्या भाईर बसून होते, तीन दिवस. आत गेले न्हाई."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही म्हणालासा न, हाताला दोष हाय म्हणून. मला ते आधीच कळायला पायजे होतं, दोन गेली ती ह्याच हातात गेली. तुम्ही सांगितलासा म्हणून ही वाचली. नऊ वर्षांची झाली, अक्का. आमच्या घरात नऊ वर्षांचं कोण झालं न्हाई."

पाच वर्षं. एका घरात, दोन खोल्यांत. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. 'पाप' लिहिलं ते, बोटं मोडली त्याचा अर्थ लावला तो, बाकावर 'तसंच समजा' म्हणाले ते. काही लपवलं नाही. हाताला दोष कधीच नव्हता, डॉक्टरांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं, सहा आठवड्यांनी सगळं संपलं होतं. मला वाटलं त्या मला चपलेनं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"म्हणजे गोवर होता तवा आत गेले असते तर चाललं असतं?"

"हो."

"ती मला हाका मारत होती, अक्का."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग पदर डोक्यावरून घेतला. "आता ती शाळेतनं येईल," म्हणाल्या. "तुम्हीच तिला सांगा. माझं सांगणं तिला पटायचं न्हाई. ती सांगितलेलं ऐकणारी पोर हाय."

धोंडी आली. दोन घट्ट वेण्या, निळा झगा, खांद्याला कापडी पिशवी. आईचे रुंद खांदे, आईचीच उंची येणार हे दिसत होतं. मला नमस्कार केला. पिशवी जागच्या जागी ठेवली, पाय धुतले, आईसाठी पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तो तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवून मागं सरून उभी राहिली. कपाळावर आठी नाही, रुसवा नाही. दार लावावं तसं अंगवळणी पडलेलं.

मी तिला म्हणाले, "धोंडूबाई, इस्पितळानं पूर्वी सांगितलं होतं ते आता संपलं. तू आईजवळ गेलीस तर चालतं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आत्या म्हणती, इस्पितळाचा हुकूम हाय. आईला शिवायचं न्हाई. तिला सोसत न्हाई."

"आता सोसतं."

"कोण म्हणालं?"

सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "अक्का, कागदावर लिहून द्या. तिला वाचायला येतंय."

माझ्या पिशवीत इस्पितळाच्या छापील चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं. मला त्यावर असलं काही लिहायचा अधिकार नव्हता. पहिल्या वेळीही नव्हता. मी कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरात, शाळेच्या मुलीला वाचता येईल असं लिहिलं. धोंडूबाई हंबीरराव हिला आईने हात लावण्यास, जवळ घेण्यास हरकत नाही. खाली तारीख घातली, सही केली.

धोंडीनं चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली आणि धडा वाचावा तशी मोठ्यानं, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. सगुणाबाईंनी कलाबूत बाजूला सारून मांडी मोकळी केली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, थोडे उघडे. वाचून झाल्यावर मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"जवळ कशाला घ्यायचं?" तिनं विचारलं.

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. पाच वर्षं त्यांनी वाट पाहिली होती, आणि हा प्रश्न येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"सुम्ने," त्या अखेर म्हणाल्या. कन्नडमध्ये सुम्ने म्हणजे उगीच, सहज.

"सरी," धोंडी म्हणाली. तिनं चिठ्ठीची नीट घडी घातली, ती तांब्याशेजारी जमिनीवर ठेवली, आणि आत जाऊन अभ्यासाला बसली.